कापलेली लाइन आणि तात्यांचं गाऱ्हाणं

आमच्या बिल्डिंगला संध्याकाळचं पाणी आलं, ते माझ्या नसबंदीमुळे.

हे वाक्य ऐकलं की माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग नळाकडे, आणि मग विषय बदलतो. पण ते खरं आहे. दहिसरच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत कुणालाही विचारा, सगळे तुम्हाला सांगतील. तीच तर माझी तक्रार आहे!

आमची ओवी दोन वर्षांची असताना मी नसबंदी करून घेतली. एक मूल पुरे, आणि कापायचंच तर पुरुषाचं कापावं, असं त्या वेळी माझं ठाम मत होतं. (ठाम मतं असण्याचं ते वय होतं. आता फक्त पोट ठाम आहे.) माझ्या बायकोच्या, सायलीच्या, मैत्रिणींनी माझं इतकं कौतुक केलं, की मी बरा झाल्यावरही आठवडाभर उगाच लंगडत होतो. पण तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खरं सांगायची छाती काही झाली नाही. तात्या मूळचे कुडाळकडचे. उमेद सगळी गिरणीत गेली, आणि आई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. त्यांना मी सांगितलं, "हर्नियाचं ऑपरेशन झालं." तात्या एवढंच म्हणाले, "मगे जड उचलू नको हां." आणि त्या दिवसापासून घरातला गॅसचा सिलिंडर ते स्वतः उचलायला लागले.

अशी वर्षं गेली. ओवी आठवीत गेली आणि सायलीला स्वप्न पडायला लागलं.

स्वप्न पहाटेचं, आणि दर वेळी तेच. आमच्या हॉलच्या खिडकीला बाहेर काढलेली ग्रिल आहे. तिथे तुळस असते, बरण्या असतात, आणि पलीकडे नदीचा एक तुकडा दिसतो. स्वप्नात त्या ग्रिलमध्ये एक दोन-अडीच वर्षांची मुलगी मांडी घालून बसलेली असायची. आमच्याकडे पाठ. कुरळे केस मानेवर घामाने चिकटलेले. एकेक शेंगदाणा खात नदीकडे बघत असायची. सायली हाक मारायची, पोर वळायची नाही, आणि सायलीला जाग यायची.

"चेहरा दिसतच नाही रे," सायली चहा गाळता गाळता म्हणायची. "एकदा तरी वळली असती."

"पहाटेची स्वप्नं खरी होतात म्हणे."

"मग कर ना खरं! आपल्याला अजून एक असतं तर?"

"असतं तर... पण कापलंय ना."

"कापलेलं जोडता येत नाही? तुमच्या कंपनीत तर काहीही जोडून मिळतं."

मी अंधेरीला एका कंपनीच्या खरेदी खात्यात आहे. मूळचाच जरा तंद्रीतला माणूस. त्यात सायलीने ते स्वप्न इतक्या वेळा सांगितलं, की मलाही दिवसाढवळ्या ती पोर दिसायला लागली. ऑफिसच्या खिडकीत दिसायची, समोरच्या इमारतीच्या छज्ज्यावर दिसायची. त्या तंद्रीत मी बोल्टऐवजी बेल्ट मागवले. साहेबांनी विचारलं, "परब, ह्यांचं काय करायचं?" मी म्हणालो, "वळली की सांगतो."

शेवटी आम्ही दोघं ऑफिसजवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी कागदावर एक नळी काढली आणि मध्येच खोडली.

"ही तुमची लाइन. इथे कापली आहे. ही दोन तोंडं मायक्रोस्कोपखाली परत जोडता येतात. पण कापून बरीच वर्षं झालीत, त्यामुळे जोडली तरी चालू होईलच असं नाही. निम्मा चान्स धरा. खरं तर कमीच."

"दुसरं काही?" सायलीने विचारलं.

"दुसरं म्हणजे लाइन जोडायचीच नाही. ह्यांच्याकडून सुईने थेट काढून घ्यायचं आणि टेस्ट ट्यूबने करायचं. त्यात तुम्हाला बरीच इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"म्हणजे कापलं ह्याचं, आणि टोचणार मला?"

"आणि तिसरं म्हणजे दत्तक," डॉक्टर म्हणाले. "तेही मूलच असतं."

मी त्या नळीच्या चित्राकडे बघत होतो. हळूहळू मला त्यात आमची नदी दिसायला लागली, मग काठ, मग काठावर शेंगदाणे खाणारी कुणीतरी... सायलीने कोपर मारलं. "अरे, काय करायचं विचारतायत ते!"

"हो, चालेल," मी म्हणालो. अशा रीतीने माझी लाइन जोडायचं ठरलं.

खरं सांगतो, मला सुरीची भीती नव्हती. (होती. पण ती वेगळी.) मला भीती होती ती दुसरीच. सगळं करूनही काही झालं नाही, तर ती पोर ग्रिलमधून उठून निघून जाईल. ती माझ्यामुळे गेली असं सायली कधी बोलणार नाही, पण चहा गाळताना गप्प राहील. ते मला सोसलं नसतं.

घरात तात्या आणि ओवी, म्हणून आम्ही असलं बोलणं संध्याकाळी गच्चीवर करायचो. तेही सांकेतिक भाषेत. नुसतं 'लाइन' म्हणायचं. त्या संध्याकाळी आकाश केशरी झालं होतं, वाऱ्याला नदीचा वास होता (तो कधीच फार चांगला नसतो, पण त्या दिवशी मला चांगला वाटला), आणि सायली कठड्याला टेकून उभी होती.

"जोडून घ्यायची हे नक्की ना?"

"नक्की. माणूस चांगला आहे. खूप जणांच्या जोडल्यात त्याने."

"पण इतकी वर्षं बंद पडलेली लाइन. आत काही उरलं असेल का रे?"

"आत भरपूर आहे गं. फक्त बाहेर यायला वाट नाही."

एवढ्यात मागून, खोल घुमणारा, गंभीर आवाज आला. "परब! जोडता येते?"

मी कठडा घट्ट धरला. क्षणभर वाटलं, आकाशवाणीच झाली! मग पाण्याच्या टाकीतून टॉर्च बाहेर आला, आणि टॉर्चच्या मागोमाग आमचे सेक्रेटरी दामलेकाका.

दामलेकाका बँकेतून रिटायर झाले, आणि त्यांच्या आयुष्यात पाणी हा एकच विषय उरला. बिल्डिंगला पूर्वी पालिकेच्या दोन लाइन होत्या. रस्ता खणताना एक कापली गेली, ती गेलीच. तेव्हापासून सकाळी थोडा वेळ पाणी, आणि संध्याकाळी टाकीत डोकं घालून दामलेकाकांचा शोक.

"परब, कधी जोडतोय तुमचा माणूस?"

"गणपतीनंतर," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"सोसायटीकडून काही मदत?"

"नको, नको! माझं मी बघतो."

दामलेकाकांनी टॉर्च छातीशी धरला. "सायली, एकट्याने सगळं अंगावर घेतोय गं हा माणूस!"

"हो ना," सायली म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून जिना उतरली.

झालं! दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये माझी किंमत वाढली. तिसऱ्या मजल्यावरून अळूवड्या आल्या. पार्किंगमधली माझी स्कूटर कुणीतरी सावलीत लावून ठेवली. जिन्यात जो भेटेल तो विचारायचा.

"काय परब, लाइनचं काय?"

"चाललंय."

"चान्स किती?"

"निम्मा. कमीच."

"जोडली की लगेच येतं का?"

"नाही हो. काही महिने जातात."

"बरोबर. आधी गाळ निघत असेल."

मी काय बोलणार? खोटं तर एक अक्षर बोलत नव्हतो!

शेवटी दामलेकाका तात्यांचं अभिनंदन करायला घरी आले आणि भलतीच पंचाईत झाली. ते गेल्यावर तात्या थेट स्वयंपाकघरात गेले. सायली नारळ खवत होती. मी हॉलमध्ये पेपर तोंडासमोर धरून कान टवकारले.

"गो सायली, सुहासान खयची लाइन जोडूक घेतल्यान? दामले माझ्या पाया पडाक इलो!"

सायलीला तात्यांशी खोटं बोलता येत नाही. खवण्याचा आवाज थांबला. मग ती हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिली. ती थांबल्यावर तात्यांचा आवाज आला.

"म्हणजे हर्निया नव्हतो?"

"नाही, तात्या."

"आणि मी इतकी वरसां सिलिंडर उचलतंय!"

तात्या बाहेर आले. माझा पेपर खाली केला, स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "उचल." मी मुकाट्याने सिलिंडर उचलला. तो इकडून तिकडे न्यायचं काही कारण नव्हतं. तात्यांना फक्त बघायचं होतं. मग माझ्या शेजारी बसून त्यांनी आवाज खाली आणला.

"सायलीक मूल होया मां? मगे देवाक सांगूक होया."

"तात्या, प्लीज, कुणाला बोलू नका हां."

"मी कोणाक बोलाचंय? मी फकस्त देवाक सांगतलंय."

मला हायसं वाटलं. देवाला कसं सांगतात, ते त्या क्षणी मी साफ विसरलो होतो.

आम्ही कोकणातली माणसं देवाला गाऱ्हाणं घालतो. घरातल्या थोराने देवासमोर उभं राहून खणखणीत आवाजात एकेक मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणून जोर द्यायचा. त्यात पुटपुटून चालत नाही. सोसायटीचा गणपती पार्किंगमध्ये बसतो आणि तिथलं गाऱ्हाणं दर वर्षी तात्याच घालतात. माइकवर.

त्या दिवशी आरती झाली, कापूर विझला, आणि तात्यांनी हात जोडून डोळे मिटले.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सगळ्या सोसायटीवाल्यांनी मिळान तुझी जी काय येडीवाकडी सेवा केली हा, ती गोड मानून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या मनात काय वायट असात, ता दहिसरच्या चेकनाक्याभायर घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो माझो झील सुहास. ह्येची एक लाइन कापलेली हा..."

मी हातातलं तबक खाली ठेवलं. पार्किंगमध्ये मात्र जान आली! दामलेकाका गर्दी बाजूला सारून पुढे आले.

"...ती जोडूचा काम आता व्हताला, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" एवढ्या जोरात, की एका गाडीचा अलार्म वाजायला लागला.

मी तात्यांना खुणा केल्या. पण मिटलेल्या डोळ्यांना खुणा दिसतात थोड्याच! माइककडे सरकलो, तर दामलेकाकांनी माझा दंड धरला. "थांबा परब, होऊ दे त्यांचं मन मोकळं."

"लाइन जुनी हा, बरीच वरसां बंद हा, तरी तिका जोर दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" दामलेकाकांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"आणि त्या लाइनीच्या पुण्याईन, माझ्या सुनेच्या पदरात, माका एक नातवंड गावांदे रे म्हाराजा!"

शांतता. गाडीचा अलार्मसुद्धा नेमका तेव्हाच बंद पडला. सगळी सोसायटी माझ्याकडे बघत होती, आणि कुणाची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती.

तेवढ्यात मागच्या खुर्च्यांमधून एकच आवाज आला, स्वच्छ आणि ठणठणीत.

"व्हय म्हाराजा!"

ओवी! जिच्यापासून लपवायला आम्ही रोज दोन जिने चढून गच्ची गाठत होतो, ती ओवी! मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, मग सगळ्या बायकांनी, आणि मग हसू आणि गलका ह्यांतून कुणाचं काय कळेना. सायलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ती हसत होती की रडत होती, ते मला आजही सांगता येणार नाही. दामलेकाकांनी माझा दंड हळूच सोडला.

"म्हणजे... पाणी नाही?"

घरी आल्यावर ओवी म्हणाली, "बाबा, मला कधीपासून माहितीये. तुम्ही गच्चीवर बोलता ना, ते आपल्या बाथरूममध्ये ऐकू येतं. त्या बंद पाइपातून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती छान कुजबुजत होतात. म्हटलं, कशाला डिस्टर्ब करा!"

अख्खी बिल्डिंग संध्याकाळच्या पाण्याच्या आशेवर बसली होती आणि आता तिला तोंड द्यायची पाळी दामलेकाकांची होती. ते तिरमिरीत पालिकेच्या ऑफिसात गेले. इतक्या वर्षांत तिथे जाऊन 'आमची लाइन परत जोडून द्या' असं कुणी म्हटलंच नव्हतं! ते रोज जाऊन बसले. "कापलेली लाइन परत जोडता येते, हे मला आमच्या परबांमुळे कळलं," असं त्यांनी साहेबांना सांगितलं. (परबांची कुठली लाइन, तेही सांगितलं. त्यामुळे त्या ऑफिसातही मला ओळखतात.) दिवाळीच्या सुमारास आमच्या नळांनी खोकायला सुरुवात केली आणि चक्क संध्याकाळी पाणी आलं.

माझीही लाइन त्याच सुमारास जोडून झाली. तात्यांनी फर्मान काढलं, "जड उचलू नको हां." आणि सिलिंडर परत त्यांच्याकडे गेला.

मग वाट बघणं सुरू झालं. दर तपासणीला उत्तर एकच, काही नाही. जिन्यात दामलेकाका विचारायचे, "परब, प्रेशर?"

"नुसती हवाच येतेय, काका."

"कळ काढा. आपल्या नळालाही आधी हवाच होती."

पण पुढच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, की आता आशा धरू नका. मी स्टेशनवरून रिक्षा न करता नदीकाठाने चालत आलो. सायली खिडकीशी बसली होती. मी तिला सांगितलं. मग म्हणालो, "सॉरी गं."

सायलीने मला शेजारी बसवलं. "ए वेड्या, मला स्वप्नात कधी पोट दिसलं होतं का?"

"नाही."

"मला बाळ पोटात नको होतं रे. घरात हवं होतं. ती पोर दोन-अडीच वर्षांची आहे. आपण उगाच नऊ महिने मागे जाऊन शोधतोय तिला."

डॉक्टरांनी दत्तक तिसरं म्हणून सांगितलं होतं, ते तिने पहिलं केलं होतं. मला इतकं हलकं वाटलं, की मी उठून उगाचच सिलिंडर उचलून आलो.

धाकधूक होती ती तात्यांची. रक्ताचं नातवंड मागितलेला माणूस! मी चाचरत विषय काढला. तात्या उखडलेच.

"मी गाराण्यात काय म्हटलंय? 'होवांदे' म्हटलंय? मी म्हटलंय 'गावांदे'. गावांदे म्हणजे गावांदे! खय गावतला, ता देवान ठरवचा. तू कोण मधी बोलणारो?"

मालवणीत 'गावणं' म्हणजे मिळणं, आणि सापडणंही. जन्म गेला ती भाषा ऐकण्यात, आणि अर्थ त्या दिवशी कळला.

मग पुन्हा वाट बघणं, पण ते वेगळं होतं. ह्या वेळी कुणीतरी कुठेतरी आधीच आहे, हे माहीत होतं. दत्तक संस्थेकडून चौकशीला आलेल्या बाईंनी शेजाऱ्यांनाही माझ्याबद्दल विचारलं. दामलेकाका म्हणाले, "माणूस जरा तंद्रीत असतो, पण संध्याकाळचं पाणी त्याच्यामुळेच आलंय." बाईंनी विषय बदलला.

आणि जुई आली. अडीच वर्षांची, गप्प. कुणाकडे बघेना, कुणाला जवळ येऊ देईना. ओवीने वाटीत शेंगदाणे दिले, तर वाटी घेऊन सरळ ग्रिलमध्ये जाऊन बसली. आमच्याकडे पाठ करून. कुरळे केस मानेवर घामाने चिकटलेले.

सायली स्वयंपाकघरातून आली आणि तिथेच जमिनीवर बसली. तिने हाक मारली नाही. हाक मारली तर जाग येईल, अशी तिला भीती वाटत होती. मीही हललो नाही. नदीवर ऊन उतरलं होतं, पोर एकेक शेंगदाणा खात होती, आणि घरातलं कुणीही मोठ्याने श्वास घेत नव्हतं.

तेवढ्यात बिल्डिंगच्या पाइपातून फुस्स आवाज आला. स्वयंपाकघरातला उघडा राहिलेला नळ दोनदा खोकला आणि धो धो वाहायला लागला.

पोर वळली.

"पानी!" ती म्हणाली, आणि हसली.

सायलीने तिचा चेहरा पाहिला. मी तो पाहू शकलो नाही, कारण मला सगळंच धूसर दिसत होतं. मी मोठ्याने रडत होतो, आणि तात्या मला म्हणत होते, "रडतस काय मेल्या, नळ बंद कर!"

आता जुई अखंड बडबडते, तीही तात्यांच्या मालवणीत. ह्या वर्षी गाऱ्हाण्याला ती तात्यांच्या कडेवर होती, माइकच्या अगदी जवळ. तात्यांनी देवाचे आभार मानले, नातीसाठी आयुष्य मागितलं, पाण्याला प्रेशर मागितलं. सगळ्याला 'व्हय म्हाराजा' झालं. मग त्यांनी एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं.

"आणि ह्या माझ्या झिलाक आता तरी थोडी अक्कल दी रे म्हाराजा!"

लोक हसण्याच्या नादात उत्तर द्यायलाच विसरले. अख्ख्या पार्किंगमध्ये, माइकवरून, एकच आवाज घुमला.

"व्हय म्हाराजा!"

जुईचा होकार देवाने नोंदवून घेतला असावा. पण दामलेकाकांचं म्हणणं, माझी ती वरची, अकलेची लाइन मुळात कधी टाकलेलीच नव्हती, आता जोडणार काय!